खर्जा: शेवटच्या ओळीतली ती आणि ती ओळ वाचणारे

पागोळी

‘तान्तो आमारे, तान्तो आमारे,
हबीब, तान्तो आमारे...’

स्पॅनिशच्या वर्गात आमच्या बाईंनी एका संध्याकाळी फळ्यावर या ओळी लिहिल्या आणि विचारलं, ही कुठली भाषा? ‘तान्तो’ म्हणजे इतकं आणि ‘आमारे’ म्हणजे प्रेम करणं, एवढं आम्हाला कळत होतं. ‘हबीब’ तर कव्वाली ऐकणाऱ्या कुणालाही कळेल. स्पॅनिश की अरबी यावर वर्गात चांगलाच वाद झाला. बाई म्हणाल्या, दोन्ही. आणि ज्या कवितेच्या शेवटी या ओळी येतात ती कविता हिब्रू आहे. तेव्हापासून मी या ओळींच्या मागावर आहे. गेली दोन-तीन वर्षं जे वाचलं ते मराठीत कुणाशी तरी बोलावं असं फार वाटत होतं, म्हणून हा धागा.

पुढच्या ओळीत ती म्हणते, डोळे दुखणाईत झाले, फार फार दुखतात. बस्स, एवढीच कविता. काळ १०४२ च्या आधीचा मानतात. लोकभाषेत भावकविता लिहिणारा युरोपातला पहिला ज्ञात कवी म्हणून आकितेनचा ड्यूक गियेम याचं नाव घेतलं जायचं. त्याचा जन्म १०७१ चा. म्हणजे तो जन्मायच्या तीसेक वर्षं आधीच ही मुलगी ‘हबीब, हबीब’ करत होती.

थोडी पार्श्वभूमी सांगते. अल-अंदलुस, म्हणजे अरबांच्या सत्तेखालचा स्पेन. तिथे नवव्या-दहाव्या शतकाच्या सांध्यावर ‘मुवश्शह’ नावाचा काव्यप्रकार जन्माला आला. ‘विशाह’ म्हणजे एकाआड एक मणी-रत्नं ओवलेला, बायका अंगावर घेत तो पट्टा. मुवश्शहात बहुधा पाच कडवी असतात. प्रत्येक कडव्याचं स्वतःचं यमक वेगळं आणि शेवटी सगळ्या कवितेला बांधणारं यमक एकच, आपल्या धृवपदासारखं परत परत येणारं. यातलं अगदी शेवटचं जे यमकाचं टोक, त्याला म्हणतात ‘खर्जा’. अरबीत अर्थ ‘बाहेर पडणं’. आपण ‘दावा खारीज झाला’ म्हणतो, ‘खर्च झाला’ म्हणतो, ते शब्द याच धातूचे. कविता खर्जातून बाहेर पडते.

आणि बाहेर पडताना भाषा बदलते. आख्खी कविता भारदस्त अरबीत किंवा हिब्रूत, कुणा वजिराची, कुणा आश्रयदात्याची स्तुती करणारी. शेवटच्या कडव्यात कवी म्हणतो, ‘आणि ती मुलगी गाऊ लागली’, आणि मग येते बोलीतली ओळ. कधी बोली अरबी, कधी तिथल्या लोकांची लॅटिनपासून निघालेली भाषा. इजिप्तचा इब्न सना अल-मुल्क (मृत्यू १२११) यानं मुवश्शहाचे नियम लिहून ठेवलेत. त्याच्या मते खर्जा म्हणजे कवितेचा मसाला, तिचं मीठ आणि साखर, तिची कस्तुरी आणि अंबर. तो आधी रचायचा, मग बाकीची कविता. आणि तो कुणा बाईच्या, लहान मुलाच्या, दारू प्यालेल्याच्या तोंडी घालायचा.

ही लॅटिनवंशी बोली अरबी किंवा हिब्रू लिपीत लिहिलेली. नकलाकारांना ती येत नव्हती. त्यामुळे शेकडो वर्षं या ओळी अगम्य अक्षरांची रांग म्हणून नकलून घेतल्या गेल्या. १९४८ साली समुएल मिक्लोश स्टर्न या हंगेरीत जन्मलेल्या, जेमतेम सत्तावीस वर्षांच्या अभ्यासकानं ‘अल-अंदलुस’ या स्पॅनिश नियतकालिकात फ्रेंचमध्ये एक लेख लिहिला आणि हिब्रू मुवश्शहांच्या शेवटच्या अशा वीस खर्जांचं वाचन मांडलं. पुढच्याच वर्षी दामासो आलोन्सो या कवी-समीक्षकानं त्यांवर लिहिलं आणि उपशीर्षकात त्यांना युरोपीय भावकवितेचा लवकर आलेला वसंत म्हटलं. १९५२ मध्ये एमिलिओ गार्सिया गोमेझ यांनी अरबी मुवश्शहांतले आणखी चोवीस छापले. आज सगळे मिळून साठ-सत्तरच्या घरात आहेत.

इथवर गोष्ट छान आहे. पण मला बोलायचंय ते यापुढचं. मी वाचलेल्या पहिल्या संग्रहात या ओळी स्वच्छ, गुळगुळीत छापलेल्या होत्या. कुठेही शंका नाही. नंतर मूळ अक्षरं शेजारी देणारं पुस्तक हाती आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण मूळात स्वर फार थोडे आहेत. जे आपण वाचतो त्यातलं बरंचसं अभ्यासकांनी भरलेलं आहे.

करून बघा. मराठीत ही अक्षरं घ्या:

स ज ण न ह द र

स्वर भरा. ‘साजण नाही दूर’ होतं. ‘साजण नाही दारी’ पण होतं. एकीत ती हसतेय, दुसरीत रडतेय. अक्षरं तीच.

---

उंबरठा

पागोळीताई, फार सुंदर धागा. ‘साजण नाही दारी’वर थांबून राहिले.

दोन प्रश्न. ही ‘ती’ खरी होती का? म्हणजे बायकांची गाणी कवींनी उचलली, की पुरुषांनीच बाईचा आवाज काढला? आणि वाचताना मला सारखी आपली गाथासप्तशती आठवत होती. तिथेही ती मामीला सांगते, सखीला सांगते, आत्याबाईंना सांगते. ज्ञानेश्वरांच्या विराण्याही आहेतच. काही नातं असेल का?

---

पागोळी

उंबरठा, गाथासप्तशती मलाही आठवली होती. पण नातं जोडायला हातात काहीही नाही. महाराष्ट्री प्राकृत आणि अल-अंदलुस यांच्यामध्ये असा कुठलाच पूल मला सापडलेला नाही. कान सारखा आहे, इतकंच म्हणेन. बाई मनातलं बोलते ती आईशी, बहिणीशी, मैत्रिणीशी, हे अनेक भाषांच्या जुन्या गाण्यांत आहे. एका खर्जात ती म्हणते, ‘के फारे, मम्मा?’ काय करू गं आई, माझा हबीब दाराशी आलाय. दुसऱ्या एकीत, येहुदा हालेवीच्या कवितेत, ती बहिणींना विचारते: सांगा गं बहिणींनो, हे दुःख मी कसं आवरू, हबीबाशिवाय मी जगायची नाही.

पहिल्या प्रश्नावर मात्र पिढ्यान् पिढ्या वाद आहे. ज्यांची नावं माहीत आहेत ते कवी जवळजवळ सगळे पुरुष. प्रश्न असा की त्यांनी गल्लीतलं, परसातलं गाणं उचलून शेवटी बसवलं, की तसं वाटावं असं स्वतः रचलं? अंदलुसी लेखक इब्न बस्साम (मृत्यू ११४७) लिहितो की या प्रकाराचा आद्य कवी बोलीतला, परभाषेतला तुकडा घ्यायचा, त्याला ‘मर्कझ’, म्हणजे केंद्र म्हणायचा, आणि त्यावर मुवश्शह उभारायचा. ‘घ्यायचा’ या शब्दावर लोकगीतवाल्यांचा सगळा भर. शिवाय काही खर्जा एकाहून जास्त कवींच्या कवितांत जशाच्या तशा येतात. मग त्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या असणार, असं ते म्हणतात. पण त्या काळी दुसऱ्याच्या कवितेच्या चालीवर, त्याच यमकात आपली कविता बांधायची पद्धतच होती. तेव्हा एका कवीनं दुसऱ्याचा खर्जा उचलला असंही असू शकतं. मला स्वतःला वाटतं की काही ओळी नक्की गाण्यातून आल्या आहेत. पण कुठल्या, हे बोट ठेवून सांगता येत नाही.

---

अलिफ

मी अरबी शिकतो, म्हणून थोडी भर आणि एक दुरुस्ती.

दुरुस्ती आधी. खर्जा म्हटला की तो ‘स्पॅनिश’ असं चित्र धाग्यातून उभं राहू शकतं. तसं नाही. मुवश्शह शेकडोंनी आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्यांचे खर्जा अरबीतच आहेत, जास्त करून बोली अरबीत. लॅटिनवंशी बोलीतले थोडे, आणि त्यांतही अरबी शब्द भरपूर. ‘हबीब’, ‘रब’ तर आहेतच. या बोलीला बरीच वर्षं ‘मोसाराबी’ म्हणत, म्हणजे अरबी राजवटीतल्या ख्रिश्चनांची भाषा. पण ती बोलणारे मुसलमान होते, ज्यू होते, ख्रिश्चन होते. फेदेरिको कोरिएन्ते यांनी म्हणूनच ‘रोमान्दालुसी’ हा शब्द रूढ केला. हे कोरिएन्ते २०२० साली गेले. अंदलुसी अरबीवर त्यांच्याइतकं काम केलेला माणूस विरळा.

आता भर. स्वर हा अर्धाच त्रास आहे. अरबीत एक छोटा दाता काढायचा. खाली एक टिंब दिलं की ब. खाली दोन दिली की य. वर एक दिलं की न, दोन दिली की त, तीन दिली की थ. नकलाकाराच्या हातून टिंब सुटलं, सरकलं, की अक्षर बदललं. आणि याहून मोठी मेख अशी: स्पेन-मोरोक्कोकडच्या मगरिबी वळणात ‘फ’ला टिंब खाली असतं आणि ‘क’ला (घशातला क, काफ) वर एकच टिंब. पूर्वेकडे ‘फ’ला वर एक आणि ‘क’ला वर दोन. म्हणजे मगरिबी ‘क’ हा कैरोच्या नकलाकाराला सरळ ‘फ’ दिसणार. त्याला मूळ भाषा येत असती तर त्यानं सावरून घेतलं असतं. ‘कोराचोन’ (हृदय) हा शब्द याच काफनं लिहिला जातो. आता विचार करा.

त्यात अरबीत प नाही, च नाही, व्ह नाही. ते सगळे जवळच्या अक्षरांवर भागवलेले.

---

मोडीप्रेमी

अलिफ, हे वाचून अंगावर काटा आला, कारण हे आमचं रोजचं दुखणं आहे.

मी गेली काही वर्षं मोडी कागद वाचतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांमध्ये जागा नाही, आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि हात न उचलता लिहीत जायचं. ‘सुत’ की ‘सूत’, मुलगा की दोरा, हे पुढच्या वाक्यावरून ठरवायचं. घरातल्या एका जुन्या कागदात एक आडनाव मी वर्षभर चुकीचं वाचत होतो. चूक कळली ती त्याच गावच्या दुसऱ्या कागदात तेच नाव सावकाश, सुट्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं तेव्हा. ‘ध’ चा ‘मा’ खरोखर झाला की नाही ते इतिहासकार बघतील, पण तो होऊ शकतो हे मोडी वाचणारा प्रत्येक जण जाणतो.

म्हणून माझा प्रश्न धंद्यातला आहे. स्टर्नना कसं कळलं की ही लॅटिनकडची भाषा आहे? आणि एकदा कळल्यावर आपण आपल्याला हवं ते वाचत नाही आहोत, ही खात्री कशी करायची?

---

पागोळी

मोडीप्रेमी, तुमच्या ‘दुसऱ्या कागदात’ या शब्दांतच निम्मं उत्तर आहे.

स्टर्न अरबी आणि हिब्रू दोन्ही जाणत होते. हिब्रू मुवश्शहांच्या शेवटी ज्या ओळी हिब्रूतही लागत नव्हत्या आणि अरबीतही लागत नव्हत्या, त्या त्यांनी एकत्र घेतल्या. अलिफ म्हणतात तो टिंबांचा घोळ हिब्रू लिपीत नाही. तिथे वेगळे घोळ आहेत (द आणि र जवळजवळ सारखे दिसतात, व आणि य घाईत एक होतात), पण तुलनेनं कमी. शिवाय कवितेचं यमक आणि मोजमाप आधीच्या कडव्यांवरून ठाऊक असतं, तेव्हा खर्जाची लांबी किती आणि शेवट कुठल्या ध्वनीवर व्हायला हवा, हे बांधलेलं असतं.

माझं लाडकं उदाहरण देते. येहुदा हालेवी, जन्म १०७५ च्या सुमारास तुदेलाचा, हिब्रूतला मोठा कवी. त्याची एक कविता योसेफ बेन फेरुझिएल याच्या स्वागताची आहे. हा कास्तीलचा राजा सहावा आल्फोन्सो याच्या दरबारातला ज्यू वैद्य. लोक त्याला ‘सिदेय्यो’ म्हणत. शेवटचा खर्जा असा:

‘जेव्हा माझा सिदेय्यो येतो,
काय ती शुभवार्ता!
सूर्याचा किरण निघावा तसा
वादी-अल-हिजारात.’

वादी-अल-हिजारा म्हणजे दगडांची दरी. आजचं ग्वादालाहारा, माद्रिदच्या जवळचं. इथे गावाचं नाव आहे, माणसाचं नाव आहे, आणि दोन्ही त्या काळच्या इतर लिखाणात सापडतात. हाच तो तुमचा दुसरा कागद. असा आधार असला की वाचन पक्कं.

जाता जाता: ‘सिदेय्यो’ म्हणजे छोटा ‘सिद’, आणि सिद म्हणजे अरबी ‘सय्यिदी’, माझे धनी. स्पेनचा महाकाव्यातला नायक ‘एल सिद’ तो हाच शब्द. आणि आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दीचं नावही बहुतेक अभ्यासक इथूनच काढतात.

पण सगळीकडे असा आधार नाही. ‘तान्तो आमारे’चंच बघा. ‘डोळे’ या शब्दानंतर एक शब्द आहे. बहुतेक पुस्तकांत तो ‘निदिओस’ छापतात, म्हणजे उजळ, लकाकते. ‘उजळ डोळे दुखणाईत झाले.’ किती सुंदर! पण हस्तलिखितातली अक्षरं ‘निदिओस’ला सरळ जुळत नाहीत. इतरांनी तिथे वेगळे शब्द वाचलेत. म्हणून वर अर्थ सांगताना मी ‘उजळ’ मुद्दाम गाळला होता.

---

खडीसाखर

वाचतेय. थांबू नका.

---

दूरदेशी

माद्रिदहून लिहितोय. धागा आवडला, पण मला थोडं भांडायचं आहे.

१९७० नंतर शंका घेणाऱ्यांची लाटच आली. इंग्लंडच्या रिचर्ड हिचकॉकनी एक लेख तर नुसत्या त्या ‘मम्मा’वर लिहिला, ती खरंच आई आहे का म्हणून. मग १९८८ मध्ये अ‍ॅलन जोन्सचं पुस्तक आलं, ज्यात अरबी मुवश्शहांतल्या एकेका खर्जाची हस्तलिखितातली अक्षरं मांडून, गार्सिया गोमेझनी कुठे काय बदललं ते दाखवलं. अमेरिकेत सॅम्युअल आर्मिस्टेड आणि जेम्स मन्रो त्याविरुद्ध उभे राहिले. ‘ला कोरोनिका’ या नियतकालिकात जी खडाजंगी झाली ती आजही वाचावी अशी आहे.

पण मला विचाराल तर शंका घेणाऱ्यांनी एक गोष्ट हिशोबात धरली नाही. गाणं लिहिलं जात नाही म्हणून ते नसतं असं नाही. इथे स्पेनमध्ये ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. १९०० सालचा मे महिना. रामोन मेनेन्देझ पिदाल आणि मारिया गोयरी या स्पॅनिश साहित्याच्या दोन अभ्यासकांचं नुकतंच लग्न झालेलं. मधुचंद्राचा प्रवास कसला, तर सिदच्या हद्दपारीच्या वाटेनं! एल बुर्गो दे ओस्मा या गावी ते थांबले. २८ मे ला खग्रास सूर्यग्रहण होतं, ते बघायला. तिथे एका धोबिणीशी बोलता बोलता मारियानं तिला एक जुना पोवाड्यासारखा ‘रोमान्से’ म्हणून दाखवला. धोबीण म्हणाली, हा मला येतो, आणखीही पुष्कळ येतात, आणि गायला लागली. त्यातला एक मारियानं कधी ऐकला नव्हता. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की ही राजपुत्र हुआनच्या मरणाची हकिकत आहे. तो वारला १४९७ मध्ये. चारशे वर्षं ते गाणं बायकांच्या तोंडी होतं, आणि विद्वान मंडळी धरून चालली होती की कास्तीलमधून ही परंपरा संपली. पुढे दोघांनी आयुष्यभर हे रोमान्से गोळा केले. १४९२ मध्ये हाकलून दिलेल्या ज्यूंनी ते ग्रीसमधल्या सालोनिका आणि मोरोक्कोतल्या तेतुआनपर्यंत नेलेले सापडले.

म्हणून मेनेन्देझ पिदाल म्हणत की परंपरा सुप्त असते. ती नदीसारखी जमिनीखाली जाते आणि कुठेतरी वर येते. खर्जा मला तशा वाटतात. एखादं टिंब इकडे-तिकडे झालं म्हणून नदी नव्हती असं म्हणू नका.

---

अलिफ

दूरदेशी, धोबिणीची गोष्ट फार मोलाची आहे. पण ती रोमान्सेबद्दल पुरावा आहे. तिथे मारिया गोयरींनी बाईच्या तोंडून गाणं ऐकलं आणि तिथल्या तिथे उतरवून घेतलं. खर्जाच्या बाबतीत आपल्या हातात फक्त नकलेची नक्कल आहे. आणि जोन्सनी ‘गाणी नव्हती’ असं म्हटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, कागदावर काय आहे आणि तुम्ही काय धरून चालला आहात, हे वेगवेगळं छापा. एवढ्यावर कुणी चिडावं असं मला वाटत नाही.

अक्षरमात्रांवरही हाच झगडा आहे. गार्सिया गोमेझ आणि मन्रो म्हणतात खर्जाचं वृत्त स्पॅनिश पद्धतीनं अक्षरं मोजून चालतं. जोन्स म्हणतात अरबी लघु-गुरूनं. कोरिएन्ते मधली वाट काढतात: अरबी छंदच, पण अंदलुसी बोलीत गुरूच्या जागी आघात आला. मला कोरिएन्ते पटतात, कारण ते आधी बोली कशी होती ते सिद्ध करतात आणि मग छंदाकडे येतात.

---

दूरदेशी

मान्य. वेगवेगळं छापायला माझी ना नाही. माझी तक्रार फक्त एवढीच की शंकेच्या भरात गाणं ऐकू येईनासं होतं.

आणि उगीच कल्पना करतोय असं वाटू नये म्हणून आणखी एक. १९१४ मध्ये माद्रिदचे पुस्तकविक्रेते पेद्रो विंदेल यांना सिसेरोच्या एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत चर्मपत्राचा एक ताव सापडला. त्यावर सात गाणी, त्यांतल्या सहांच्या स्वरलिपीसकट. मार्तीन कोदाश या गालिसियाच्या कवीची, तेराव्या शतकातली. तिथेही तीच मुलगी. तिथल्याच बिगो गावच्या समुद्राच्या लाटांना विचारते, माझा सखा दिसला का गं, देवा, लवकर येईल ना तो? गालिसियन-पोर्तुगीजमधल्या अशा मैत्रिणीच्या आवाजातल्या गाण्यांची संख्या पाचशेच्या आसपास आहे. खर्जानंतर दोन-तीनशे वर्षांनी. तो ताव आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. पुस्तक बांधणाऱ्याला ते टाकाऊ चामडं वाटलं म्हणून टिकलं.

---

पागोळी

दूरदेशी, कोदाशच्या लाटांबद्दल मनापासून आभार. मी तुमच्या आणि अलिफच्या मध्ये उभी आहे. ती मुलगी मला ऐकू येते, म्हणूनच तिच्या तोंडी मी माझा शब्द घालू नये असं वाटतं. तिच्या आधीच कितीजणांनी घातलेत: आधी दरबारी कवीनं, मग नकलाकारानं, मग प्राध्यापकानं.

या धाग्याच्या निमित्तानं एका खर्जाचा मराठी अनुवाद करून बघितला. हालेवीचाच आहे, आणि स्पेनमध्ये शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यात जास्त भेटणारा. आधी प्रचलित वाचन:

वाय्से मेओ कोराचोन दे मिब,
या रब, सी से मे तोर्नाराद?
तान माल मे दोलेद ली-ल-हबीब,
एन्फेर्मो येद, क्वांद सानाराद?

तिसऱ्या ओळीच्या मधल्या शब्दांवर एकमत नाही, म्हणून ते चौकटी कंसात टाकलेत. ‘या रब’ तसंच ठेवलं. तिनं देवाला अरबीतच हाक मारली आहे आणि आपल्यालाही ती हाक परकी नाही.

काळीज चाललं माझ्यापासून,
या रब, येईल का परतून?
[फार दुखतं गं] हबीबासाठी,
आजारी आहे, कधी होईल बरं?

---

मोडीप्रेमी

पहिल्या दोन ओळी सुरेख. चौथीपाशी अडखळलो. आजारी कोण आहे?

---

पागोळी

तिथेच तर सगळं आहे! ‘एन्फेर्मो’ पुल्लिंगी आहे, म्हणजे ती स्वतः नाही. पण हृदय हा शब्दही त्यांच्याकडे पुल्लिंगी आणि हबीबही पुल्लिंगी. काळीज आजारी आहे की तो? दोन्ही अर्थ लागतात. मराठीत ‘बरं’ लिहिलं की काळीजच होतं, ‘बरा’ लिहिलं की तोच होतो. मला निवडावं लागलं, म्हणून काळीज निवडलं. मन खट्टू झालं खरं.

---

उंबरठा

ताई, मग ‘काळीज’ कशाला? ‘जीव’ घ्या की. जीव पुल्लिंगी आहे.

---

पागोळी

उंबरठा, हे मी आधी लिहून खोडलं होतं. ‘जीव चालला’ म्हटलं की मराठीत माणूस मरायला टेकतो. ती मरत नाहीये.

---

उंबरठा

‘चालला’ नको, ‘निघाला’ म्हणा. आमची आजी लेकीला सासरी पाठवून आली की म्हणायची, ‘जीव तिकडंच गेला गं माझा.’ त्यात मरण नव्हतं, ओढ होती. जीव लागतो, जीव गुंततो, जीव टांगणीला लागतो. आणि जीव परत येतो असंही आपण म्हणतो, ‘जिवात जीव आला’. तुमची दुसरी ओळ त्याला आपोआप जोडली जाते.

---

अलिफ

उंबरठा, क्या बात है. हबीबही पुल्लिंगी, जीवही पुल्लिंगी. ‘कधी होईल बरा’ आता दोघांनाही लागू.

---

मोडीप्रेमी

सहमत. आता कागद वाचणाऱ्याची एक खुसपट. तिसऱ्या ओळीतला ‘गं’ मुळात कुठे आहे? ती तर रबशी बोलतेय, मैत्रिणीशी नाही. तुम्हीच वर म्हणालात, तिच्या तोंडी आपला शब्द नको.

---

पागोळी

बरोबर पकडलंत. तो ‘गं’ माझा होता. काढला.

जीव निघाला माझ्यापासून,
या रब, येईल का परतून?
[फार दुखतं] हबीबासाठी,
आजारी आहे, कधी होईल बरा?